बाबांच्या मांडीवरचा सबवूफर

गेल्या रविवारी दुपारी अडीच वाजता माझे बाबा गेले.

असं काही झालेलं नाही. ते आत्ता समोर पेपर वाचत बसलेत. घरात त्या विषयावर कोणी बोलत नाही, तुम्हीही बोलू नका. पण पुढे लिहिलंय ते अक्षरशः खरं आहे.

ताईचा नवरा, म्हणजे आमचे भावोजी, लोकांकडे होम थिएटर बसवतात. त्या दिवशी आमच्या हॉलची पाळी होती.

सबवूफर म्हणजे गुडघ्याएवढा काळा डबा. अँप्लिफायर त्याच्या पोटातच असतो, म्हणून विजेची वायर वेगळी. तो फक्त खालचा, जाड आवाज काढतो. तो आवाज कुठून येतो हे कानाला कळत नाही.

छातीला कळतं.

डब्याची जागा शोधायची भावोजींची पद्धत उलटी आहे. माणूस जिथे बसणार, त्या खुर्चीत डबा ठेवायचा. घुमणारा एकच सूर लावायचा. मग आपण भिंतीकडेने रांगत फिरायचं. आवाज जिथे सगळ्यात भरदार लागेल, तिथे डबा.

"बाबा, जरा उठता का?"

"नाही," बाबा पेपरातून म्हणाले. "मांडीवर ठेवा."

ठेवला.

भावोजी रांगायला लागले.

"जावयाला रांगायला लावलंत," आई म्हणाली. आई तीस वर्षं नर्स होती, तिला कशाचंच काही वाटत नाही.

"खुळखुळा आणू का?" मी विचारलं.

चपलांच्या कपाटाजवळ, कोपऱ्यात भावोजी थांबले. "हीच जागा. बंद कर रे."

मी सूर बंद केला.

आवाज थांबला नाही...

धप्-धप्... धप्-धप्...

भावोजींनी केबल काढली. चालूच.

प्लग काढला. हिरवा दिवा विझला... पण डब्याच्या स्पीकरचा गोल पडदा आत-बाहेर होतच राहिला.

भावोजी वैतागले. त्यांनी पडद्यावर तळहात दाबून धरला.

शांतता.

बाबांचा पेपर खाली पडला. मान कलली.

आईने मनगट धरलं. मग गळ्याला बोटं लावली. तिचा तसा चेहरा मी कधी पाहिलेला नाही.

"नाडी नाही," ती म्हणाली.

भावोजींनी घाबरून हात काढला.

धप्-धप्...

"डोळा लागला वाटतं," बाबा म्हणाले. "पेपर द्या इकडे."

"इतकी वर्षं रांगतोय," भावोजी नंतर जिन्यात मला म्हणाले, "पण आतापर्यंत सगळे उठले होते रे खुर्चीतून."

डबा आता त्या कोपऱ्यात असतो. बिनविजेचा. बाबा जिना चढायला लागले की त्याचा वेग वाढतो. त्यामुळे दार वेळेवर उघडता येतं, तेवढीच सोय.

सोमवारी आईने जुना स्टेथोस्कोप शोधून बाबांच्या छातीला लावला...

काहीच नाही.

मग तिने तो डब्याला लावला आणि घड्याळ बघत मोजलं. "बहात्तर. उत्तम आहे."

बाबांना आम्ही काही सांगितलेलं नाही.

काल पडद्याच्या कडेच्या रबराला बारीक चीर दिसली.

"ते रबर कधीतरी जातंच," भावोजी म्हणाले. "बदलता येतं. दहा मिनिटांचं काम. तेवढा वेळ पडदा फक्त..."

मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर परत पिशवीत टाकला.

तरी कंपनीच्या ग्राहक सेवा विभागास सविनय विनंती, की सदर सबवूफरची एक वर्षाची वॉरंटी आमच्या वडिलांच्या हयातीपर्यंत वाढवून मिळावी, आणि रबर बदलण्याचे काम पडदा क्षणभरही न थांबवता करून मिळावे.