डाळिंबाच्या सालींची बरणी

"भैया, साली फेकू नका. मला द्या," असं म्हणून शर्लिनने कापडी पिशवीचं तोंड उघडून धरलं.

पापडीचा शुक्रवारचा बाजार होता. जानेवारीतली सकाळ, ऊन अजून कोवळं. रसवाल्याने डाळिंबाच्या सालींची टोपली तिच्या पिशवीत उलटी केली.

"बकरी पाळलीय का?"

आवाज बाजूने आला. निळ्या शर्टातला एक तरुण डाळिंबाचा रस पीत उभा होता. स्ट्रॉ त्याने ओठांच्या अगदी कोपऱ्यात धरली होती आणि दर घोटाला त्याचा एक डोळा मिटत होता.

"बकरी नाही," शर्लिन म्हणाली. "जंतू."

"जंतू?"

"लाखोंनी आहेत. सदतीस अंशांवर ठेवते, वेळेवर खायला घालते."

"आणि या साली त्यांना खायला?"

"साली त्यांना मारायला."

त्याने ग्लास गाडीवर ठेवला. "आधी खायला घालता, मग मारता. तुमच्याकडे जेवायला यायचं म्हणजे जरा विचार करूनच..."

"बोलावलंय कोणी?"

तो हसला, आणि हसता हसता कळवळून त्याने ओठ दाबून धरला. शर्लिन वसईच्या एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करायची. तोंडात सापडणाऱ्या जंतूंवर डाळिंबाच्या सालीचा काय परिणाम होतो, हाच तिचा सध्याचा प्रयोग होता. त्यामुळे समोर कोणी असा ओठ दाबला की तिला राहवायचं नाही.

"दाखवा."

"इथे? बाजारात?"

"ओठ दाखवा म्हणाले."

त्याने खालचा ओठ दुमडून दाखवला. आत मधोमध पांढरा फोड, भोवती लाल कड.

"किती दिवस झाले?"

"तीन."

"आणि त्यावर डाळिंबाचा रस ओतताय. झोंबत नाही?"

"झोंबतो. पण बाबा म्हणाले, डाळिंबाने रक्त वाढतं, जखम भरते."

"रस चांगलाच असतो, पण तोंड बरं झाल्यावर प्या. त्यातल्या आंबटाने झोंबतंय. आता साल उकळा, पाणी गाळून गार करा आणि दिवसातून तीनदा चूळ भरा. गिळू नका. पंधरा दिवसांत बरं झालं नाही तर डॉक्टरकडे जा."

"पंधरा दिवस नाहीत माझ्याकडे," तो म्हणाला. त्याचा चेहरा आता हसरा नव्हता. "नऊ आहेत."

त्याचं नाव ग्लेन. पुढच्या रविवारी त्याच्या बहिणीचं, जीनाचं लग्न होतं. ती घरातून चर्चकडे निघेल तेव्हा दारात त्याला कॉर्नेटवर, छोट्या पितळी तुतारीवर, एक धून वाजवायची होती. ती धून त्याच्या वडिलांनी आपल्याच लग्नात, बायकोसाठी बांधली होती. आई तीन वर्षांपूर्वी गेली. जाताना एवढंच सांगून गेली होती, की जीना दाराबाहेर पडेल तेव्हा तीच धून वाजवा.

"वडील का नाही वाजवत?" शर्लिनने विचारलं.

"कवळी आहे त्यांना. फुंकायला पुढचे दात लागतात. बँडवाले येणार आहेत, पण ही धून त्यांना येत नाही. बाबांना येते नि मला येते. आणि माउथपीस नेमका टेकतो तो इथे." त्याने फोडावर बोट ठेवलं.

पिशवीतल्या साली तिने उगाच हलवल्या.

"या सालींवर औषधाची फवारणी असणार," तो म्हणाला. "आमच्या दारात झाड आहे. त्याला कधी काही मारलेलं नाही. फोन नंबर देऊ की पत्ता?"

"पत्ता पुरेल."

"...बरं. पत्ता."

दुसऱ्या दिवशी ती गेली. चर्चच्या मागच्या गल्लीत केळीच्या वाडीला लागून घर होतं, आणि विहिरीपाशी डाळिंबाचं झाड. खारा वारा खाऊन खुरटलेलं, पण त्यावर लिंबापेक्षा थोडी मोठी तीन फळं लागली होती. ओट्यावर सेबेस्टियन, ग्लेनचे वडील, लग्नाच्या आमंत्रणाची यादी घेऊन बसले होते.

"ये बाय. जंतूवाली ना तू?"

शर्लिनने ग्लेनकडे पाहिलं. तो आकाशाकडे बघत होता.

स्वयंपाकघराच्या फळीवर काचेची एक बरणी होती. आत सुकलेल्या साली, वर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली. अक्षर विटलेलं, तरी वाचता येत होतं. आग्नेस, डाळिंब साल.

"या चालतील," शर्लिन म्हणाली. "सुकलेल्या जास्त बऱ्या."

"ती बरणी नाही," सेबेस्टियन म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण पुढे विचारायची सोयही नव्हती. "झाडावरची घे. तिन्ही घे."

बाहेर आल्यावर ग्लेन हळूच म्हणाला, "आईने सुकवलेल्या शेवटच्या साली आहेत त्या. पोरांचं पोट बिघडलं, कोणाचं तोंड आलं, की गल्लीतले लोक तिच्याकडे यायचे. ती गेल्यापासून बरणी कोणी उघडली नाही."

शर्लिनने दोन फळांच्या साली घेतल्या, तिसरं फळ ग्लेनच्या हातात दिलं.

"हे तुमच्या ओठासाठी. पण एक सांगते... असा फोड आठ-दहा दिवसांत आपोआपच बरा होतो. साल जंतूंना रोखते, सूज कमी करते. प्रयोगशाळेत तरी तसं दिसतं. तोंडात तेवढं होईलच, असं नाही."

"तुम्ही औषध विकत असता तर उपाशी मेल्या असता."

"म्हणून विकत नाही. मी एका बशीत सालीचा अर्क घालते, दुसरीत नुसतं पाणी. त्या पाण्याच्या बशीला कंट्रोल म्हणतात. ती नसेल तर काय कशामुळे झालं, ते कसं सांगणार?"

"मग मला दुसरा ओठ लागेल," ग्लेन म्हणाला. "पाण्याचा."

शर्लिनने ओठ घट्ट मिटून हसू आवरलं. पण बोळिंजला घरी जाताना स्कूटरवर ते तिने मोकळं सोडलं.

रविवारी सकाळी चर्चमधली मिस्सा आटोपून ती बाहेर पडली तर फोनवर फोटो आला होता. शेवटी नंबर तिने दिलाच होता, "जखमेचा फोटो पाठवण्यासाठी." फोटोत ग्लेन दात दाखवत होता. दात काळे, ओठ काळे, जिभेवर काळा पट्टा. खाली लिहिलं होतं, औषध जोरात लागलंय. असंच असतं ना?

ती वीस मिनिटांत पापडीत होती.

"तू उकळलंस कशात?"

"कढईत," ग्लेन म्हणाला. "आईच्या."

"लोखंडी?"

"मग काय सोन्याची?"

शर्लिन ओट्यावर बसली. "सालीत टॅनिन असतं. लोखंडाशी ते मिसळलं की काळी शाई होते. मी बीकरमध्ये उकळते, काचेच्या. तुला नुसतं उकळ म्हणाले, कशात ते सांगितलंच नाही. चूक माझी आहे."

"पाणी काळंकुट्ट झालं तेव्हा मला वाटलं, औषध कडक आहे. म्हणून तीनदाऐवजी सहादा चुळा भरल्या."

मागून खुसखुसण्याचा आवाज आला. दाराला टेकून सेबेस्टियन हसत होते. आधी आतल्या आत, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आतून जीना धावत आली, केसांना मेंदी लावलेली, आणि भावाचं तोंड बघायच्या आधी वडिलांकडेच बघत राहिली. तीन वर्षांत तिने त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"डाळिंबाने रक्त वाढतं म्हणालो होतो," सेबेस्टियन म्हणाले, "शाई वाढेल असं वाटलं नव्हतं."

"डाळिंबात लोह फारसं नसतंच, अंकल," शर्लिन म्हणाली. "लोह होतं ते कढईत."

"अपाय नाही ना?"

"नाही. खाण्याच्या सोड्याने हळूहळू निघेल." मग तिचा आवाज खाली आला. "पण साल संपली. मी नेलेल्या दोन फळांच्या सालींचा अर्क केला, आणि झाडावर आता फळ नाही."

सेबेस्टियन आत गेले. फळीवरून काहीतरी सरकल्याचा आवाज झाला, आणि ते ती बरणी घेऊन बाहेर आले. झाकण घट्ट बसलं होतं. ग्लेनने हात पुढे केला तर त्यांनी मान हलवली आणि स्वतःच जोर लावून उघडलं. एक साल काढून नाकाशी धरली, थोडा वेळ तशीच धरून ठेवली.

"बघ बाय. चालेल का अजून?"

शर्लिनने साली उजेडात एकेक उलटसुलट पाहिल्या. बुरशी नव्हती. कोरड्या होत्या, कडक, मोडल्यावर कट्‌कन वाजणाऱ्या. "छान सुकवल्यात," ती म्हणाली. "अशा माझ्याच्यानेही होत नाहीत."

"तोंडासाठीच ठेवल्या होत्या तिने," सेबेस्टियन म्हणाले. "बघायला नाही."

या वेळी स्टीलचं पातेलं आलं. कढईतला जुना काढा मात्र सेबेस्टियननी ओतू दिला नाही. त्यांनी ते काळं पाणी एका बाटलीत भरून ठेवलं.

सोमवारपासून शर्लिन रोज साडेपाचला यायला लागली. पर्समध्ये प्लास्टिकची छोटी पट्टी असायची. प्रयोगशाळेत जंतू जिथे मेले तिथे बशीत स्वच्छ वर्तुळ पडायचं, ते ती याच पट्टीने मोजायची. आता ग्लेनला ओट्यावर बसवून, ओठाला न टेकवता, ती फोड मोजायची.

"सहा मिलिमीटर."

"आणि बशीतलं वर्तुळ?"

"अठरा. पाण्याच्या बशीत शून्य."

मंगळवारी पाच. बुधवारी चार, आणि त्या दिवशी तिला दिसलं की ग्लेनच्या वरच्या ओठावर डावीकडे लहानसा तीळ आहे. तो काही मोजायचा नव्हता.

"किती?" ग्लेनने विचारलं.

"...चार."

"इतका वेळ लागला चार मोजायला?"

"हलतोस तू."

"मी तर श्वाससुद्धा घेत नव्हतो."

शुक्रवारी फोड दोनवर आला. ग्लेनने विहिरीपाशी उभं राहून कॉर्नेट ओठाला लावला. पहिले तीन सूर निघाले, चौथ्याला आवाज फाटला आणि ओठावर रक्ताचा ठिपका आला. आत भांड्यांचा आवाज थांबला. शर्लिनने रुमाल पुढे केला. ग्लेनने तो घेतला, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

"नाही जमलं तर आईला काय सांगू?"

माहीत नसलेलं बोलायची शर्लिनला सवय नव्हती. "उद्या वाजवू नकोस," ती म्हणाली. "अजिबात. चुळा भर आणि गप्प बस. मी येऊन बसते."

शनिवारी ती आली. घर पाहुण्यांनी भरलं होतं. दोघं विहिरीच्या कठड्यावर बसून राहिले. ग्लेनने बोलायचं नव्हतं, म्हणून तो बोटांनी नुसत्या कळा दाबत होता, न फुंकता. धून ऐकू येत नव्हती. पण शेवटी शेवटी शर्लिनच्या लक्षात आलं की त्याच तालात तिची टाच हलतेय.

रविवारी जीना पांढऱ्या झग्यात उंबऱ्याशी आली. बँडवाले गप्प झाले. ग्लेनने डोळे मिटले, कॉर्नेट उचलला, माउथपीस ओठावर किंचित डावीकडे टेकवला.

चौथा सूर आला, आणि निघाला.

साधी धून होती. वर जाते, थबकते, मागे वळून बघितल्यासारखी परत खाली येते. मध्ये एकदा आवाज खरखरला, पण ग्लेन थांबला नाही. सेबेस्टियन डाळिंबाच्या झाडाजवळ उभे होते. त्यांचे ओठ मिटलेले होते आणि उजव्या हाताची तीन बोटं कोटाच्या खिशावर कळा दाबत होती. धून संपल्यावर त्यांनी मुलीचा हात धरला आणि वळून शर्लिनकडे पाहून मान हलवली. मग ते चालू लागले.

संध्याकाळी जेवणावळ चालू असताना ते शर्लिनपाशी आले. हातात बरणी होती, रिकामी, धुतलेली. तिच्यावर नवी चिठ्ठी होती, काळ्या शाईतली.

"कढईतली शाई फुकट नाही घालवली," ते म्हणाले. "झाडाला पुन्हा फळं येतील. अशा सुकवायला शीक. अक्षर वाईट आहे माझं, चालवून घे." आणि ते पंगतीकडे निघून गेले.

चिठ्ठीवर लिहिलं होतं, शर्लिन, डाळिंब साल.

ती वाचत असतानाच ग्लेन बाजूला येऊन उभा राहिला. त्याचा ओठ थोडा सुजला होता.

"वाजवलंस छान," ती म्हणाली.

"सालीने वाजवलं."

"तसं म्हणता येणार नाही. बारा दिवस झाले, आपोआपही बरं झालं असेल. कंट्रोल कुठे होता?"

"माहीत होतं, हेच म्हणशील." ग्लेन म्हणाला. "दुसरं एक विचारू? रोज पाच वाजले की मी फाटकाकडे बघत बसतो. साडेपाच वाजून गेले तर जेवण जात नाही. तोंड बरं झालं तरी ते बरं झालं नाही. हे कशामुळे?"

शर्लिनने बरणी छातीशी धरली.

"ते नक्की कळायला..." ती म्हणाली, "दहा दिवस मी न येता बघावं लागेल."

"तो प्रयोग मला करायचा नाही."

"ग्लेन, मग खात्री कशी होणार?"

"माझी झालीय. तुझी?"

तिने पर्समधून ती छोटी पट्टी काढली, त्याच्या हातावर ठेवली आणि त्याची बोटं तिच्यावर मिटवली.

"ही इथेच असू दे," ती म्हणाली. "रोज ने-आण कशाला करायची?"