रिकाम्या खोलीचं माप

अँटेना तपासायच्या त्या खोलीत मावशीची सत्तावीस वर्षं गेली. कारखान्यात लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणायचे. खोलीच्या भिंतींना, छताला काळ्या फोमचे टोकदार सुळके. लाट तिथं गेली की गिळलीच म्हणून समजा. खोकलं तरी आवाज तोंडापाशीच मरायचा. एका बाजूचे आठ अँटेना एकदम बोलायचे, समोरचे आठ ऐकायचे. मधे कुणी असलं की लाटा त्याला आपटून वाकड्या वाटेनं पोचायच्या आणि बाहेरच्या स्क्रीनवर तिथं ठिपका उमटायचा.

रोजचा नेम ठरलेला. सकाळी दार लावून रिकाम्या खोलीचं माप घ्यायचं आणि दिवसभराच्या आकड्यांतून ते वजा करायचं. आधी हे काम तिचा नवरा करायचा. वर्षापूर्वी तो गेला, तेव्हापासून ती. घरी बोलायला भिंती, म्हणून ती सुट्टीतही इथंच यायची.

नवरा म्हणजे वादळ. लांब बोळातून घरी निघाला की हा दहा पावलं पुढं, ही मागून धापा टाकत, "अहो, कुणी पाठीस लागलंय का?"

त्या दिवशी सकाळचं माप कॉम्प्युटरनं गिळलं. साहेबानं तात्पुरतं, खोली बांधली तेव्हाचं जुनं माप लावलं. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी दिसली नाही, तर बिघडली म्हणून उद्या खोलीला टाळं लागणार होतं.

स्क्रीनवर एक ठिपका. नवरा दुपारी टेकायचा त्या, आतल्या जुन्या स्टुलावर.

"मावशी, आत कोण आहे?" साहेबानं विचारलं.

"कोण असणार? माझं नशीब!"

ती आत जाऊन आली. स्टुलावर नुसती धूळ. ठिपका तिथंच, श्वास घेतल्यासारखा कमीजास्त होणारा.

"मग इतके दिवस कसा दिसला नाही?"

मावशीनं ठिपक्यावर बोट ठेवलं. "रोज सकाळी मीच वजा करत होते ना."

"आजही करू. नवीन माप घेतो, विषय संपला."

"थांब रे जरा."

ती पुन्हा आत गेली. स्टुलाशी वाकून म्हणाली, "वर्षभर एकटेच बसलात होय? चला घरी." बाहेर येताना दार जरा जास्तच वेळ धरून ठेवलं.

स्क्रीन कोरी झाली. साहेबानं खुशीत सही ठोकली. खोली वाचली.

संध्याकाळी ती निघाली. बोळातले दिवे माणूस खाली आला की लागायचे, पुढं गेला की विझायचे. तीन दिवे विझले. मग मागं, दहा पावलांवर, एक पुन्हा लागला.

मावशीला भरून आलं. "चला की भरभर," ती न वळता म्हणाली.

मागं आणखी जवळचा दिवा लागला. सावकाश.

आणि तिला आठवलं, तो जन्मात कधी तिच्या मागून चालला नव्हता.

ती थांबली.

मागचा दिवा विझला. त्याच्या अलीकडचा लागला.