कोचसाहेबांना चिठ्ठी

दारात बूट काढताना निमिषनं भिंतीला हात टेकला, आणि पद्मनाभरावांच्या काळजात धस्स झालं! टेकला तो क्षणभरच... लगेच पुढे होऊन तो आईच्या गळ्यात पडलासुद्धा. पण आठ महिने ज्या लेकाचा धड एक शब्द वाट्याला आला नव्हता, त्याचं नुसतं उभं राहणंही बापाला वाचता येत होतं. डावा गुडघा पुन्हा सुजला होता. आणि उद्या संध्याकाळी मोसमातला शेवटचा सामना होता.

आईचा, म्हणजे अंजलीताईंचा वाढदिवस, म्हणून तो आई-वडिलांच्या बिशान भागातल्या घरी जेवायला आला होता. पुऱ्या, श्रीखंड, बटाट्याची भाजी... आईशी त्याच्या अखंड गप्पा चालल्या होत्या. वडिलांकडे पाहून मात्र तो फक्त "मीठ" एवढंच म्हणाला. पद्मनाभरावांनी मीठ सरकवलं आणि त्या दोन अक्षरांवर समाधान मानलं.

दोष कुणाला द्यायचा? दोष त्यांचाच होता!

निमिष एका नामांकित क्लबाचा फुटबॉलपटू. मैदानाच्या मधोमध उभा राहून खेळ चालवणारा. कुठला चेंडू कुणाच्या पायाशी जावा हे ठरवणारा. डाव्या गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली होती. गेल्या मार्चपासून पुन्हा सूज येऊ लागली, ती त्यानं क्लबापासून लपवली आणि फक्त घरी सांगितली. पद्मनाभरावांची झोप उडाली. परदेशात तीस वर्षं कॉम्प्युटरमध्ये घालवलेला, मोठमोठ्या लोकांना पाणी पाजणारा हा गृहस्थ, पण आतून अजून पुण्यातल्या शाळेतलाच विद्यार्थी! त्यांना ताप आला की वडील बाईंना चिठ्ठी लिहीत आणि त्यांची कवायत माफ होई. तेव्हा त्यांनीही काय करावं? सरळ कोचला मेल लिहिली. 'माझ्या मुलाच्या गुडघ्याला मार्चपासून सूज आहे. तो स्वतः सांगणार नाही. तरी कृपया त्याला दोन आठवडे विश्रांती द्यावी, ही नम्र विनंती.' पाठवल्यावर त्यांना किती हलकं वाटलं होतं!

कोच म्हणजे काही वर्गशिक्षिका नव्हे. पंधरा दिवसांत क्लबानं निमिषला खातीब रोव्हर्सकडे देऊन टाकलं आणि बदल्यात त्यांचा एक धडधाकट खेळाडू घेतला. खातीब रोव्हर्स म्हणजे यिशुन या उपनगराचा संघ, लागोपाठ अकरा सामने हरून तळाला गेलेला.

"शाळेतली चिठ्ठी लिहिलीत तुम्ही? आय ॲम अ प्रोफेशनल, बाबा! सव्वीस वर्षांचा आहे मी!" एवढं बोलून निमिष बॅग घेऊन यिशुनला राहायला गेला, तो गेलाच.

पण त्या बुडत्या संघात त्यानं काय जीव ओतला! धावता येत नव्हतं तर उभ्या जागेवरून त्यानं असे लांब पास दिले की ज्यांना कुणी विचारत नव्हतं ती पोरं गोल करू लागली. अकरा पराभवांनंतर पहिला विजय आला... मग दुसरा... मग रोव्हर्स चौथ्या स्थानावर! पद्मनाभराव प्रत्येक सामन्याला जात, शेवटच्या रांगेत टोपी पुढे ओढून बसत, आणि लेक मैदानातून सुखरूप बाहेर आला की मुकाट्यानं एमआरटीची मेट्रो पकडून घरी येत. आपल्या बाळाचं कौतुक चोरासारखं पाहावं लागावं, याहून मोठी शिक्षा कोणती?

जेवण झालं, तेव्हा त्यांना राहवलं नाही. "निमिष... गुडघा..."

निमिषचा चेहरा दगडासारखा झाला. "बाबा, उद्या जिंकलो तर आम्ही तिसरे. मग क्लब राहतो. नाही तर मालक बंद करणार आहेत, कळतंय ना? ही सगळी मुलं घरी बसतील. यावेळी कोचला एक शब्द कळवलात ना, तर मी या घराची पायरी चढणार नाही. शेवटचं सांगतोय."

"अरे, पण पाय गेला तर..."

"माझा पाय आहे, लाह!" निमिष इथल्या लोकांच्या बोलीत तडकला.

अंजलीताईंना हुंदका आवरेना. "अहो, वचन द्या त्याला! आठ महिन्यांनी लेक माझ्या ताटाला बसलाय हो... माझ्या वाढदिवसाला मला एवढंच द्या. मला माझा मुलगा हवाय!"

पद्मनाभरावांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा त्या गुडघ्याकडे. बोलावं तर मुलगा जातो, गप्प राहावं तर मुलाचा पाय जातो! त्या माऊलीच्या डोळ्यांतलं पाणी त्यांना पाहवेना. त्यांनी वचन दिलं.

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या फाटकाशीच रोव्हर्सचे कोच लिम समोर आले. टोपीखालचा माणूस त्यांनी केव्हाच ओळखलेला होता. "अंकल, युअर सन ओके ऑर नॉट? ही से ओके. यू टेल मी, लाह."

विचारलं होतं! देवानं माणूस समोर उभा करून विचारलं होतं... एका शब्दाचं काम होतं. पद्मनाभरावांनी टोपी आणखी पुढे ओढली. जन्मात कधी खोटं न बोललेला तो माणूस म्हणाला, "ओके."

लिम हसले, त्यांच्या खांद्यावर थोपटून आत गेले.

नव्वद मिनिटं संपत आली तरी एक-एक अशी बरोबरी होती. निमिषकडे चेंडू आला. डावा पाय रोवून त्यानं उजव्यानं असा पास दिला की चेंडू तिघांच्या डोक्यावरून थेट पुढच्या खेळाडूच्या पायाशी पडला आणि... गोल! सगळं मैदान उठून नाचू लागलं. चेंडूकडे न पाहणारा माणूस तिथं एकच होता. रोवलेला गुडघा आतल्या बाजूला कसा वळला, हे त्या एकट्यानं पाहिलं. क्लब वाचला होता, आणि त्या जल्लोषात निमिष गवतावर पडलाय हे कुणाच्या लक्षातच येत नव्हतं. "अहो, कुणीतरी बघा तिकडे! माझा मुलगा पडलाय!" पद्मनाभराव मराठीतच ओरडत जिन्यावरून धावत सुटले.

"तो चालेल," हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाई हलकेच म्हणाल्या. "पण खेळणं आता नाही."

निमिषनं छताकडची नजर वळवली. मग आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्यानं वडिलांच्या डोळ्यांत पाहिलं.

"बाबा... कोचना का नाही सांगितलंत?"

"तू नको म्हणालास, राजा..."

"मी म्हणालो म्हणून?" त्याचा आवाज फुटला. "तेव्हा विचारलंसुद्धा नाहीत मला... मग कालच का ऐकलंत हो माझं? का ऐकलंत?"

पडद्याशी उभ्या असलेल्या अंजलीताईंनी तोंडात पदर कोंबला. "मीच... मीच वचन मागितलं रे! माझंच चुकलं..." निमिषनं एका हातानं त्यांना जवळ ओढलं, आणि दुसऱ्या हातानं वडिलांची बाही घट्ट धरली. तिघंही रडत होती, आणि त्यानं गुडघ्याचं काहीच भलं होणार नव्हतं.

डॉक्टरबाई कागद घेऊन परत आल्या. सूज नक्की कधीपासून? आधी कुठं दुखलं? काय काय लपवलं? आता खरं सांगा, म्हणाल्या.

निमिषनं कागदाकडे पाहिलं, मग तो वडिलांकडे वळला. त्यानं बाही सोडली नाही.

"बाबा, तुम्ही सांगा."

पद्मनाभरावांनी डोळे पुसले आणि अगदी पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली. निमिषनं त्यांना एकदाही थांबवलं नाही.