फाटकावरची पाळी

थांबा, त्याला चमचा लावू नका. हो, त्या वाडग्यालाच म्हणतोय. उंबऱ्यावर दिसलं म्हणून तुम्ही चांगल्या मनानं उचलून आत आणलंत, पण ते तिकडं मागं खिडकीच्या फळीवर ठेवा. भूक लागली असेल तर ओटच्या भाकरी आहेत, चीज आहे. पाठीवर गाठोडं घेऊन एवढ्या गारठ्यातून आलेल्या फेरीवाल्याला मी उपाशी ठेवणार नाही. पण ते कढण नको.

बसा, शेकोटीकडं तोंड करून बसा. कोपऱ्यात सूत काततेय ती माझी बायको, ग्रिझेल. गेल्या हिवाळ्यात तापात तिचे कान गेले, म्हणून तर मी असा मोकळेपणी बोलतोय. बाकी बाई खणखणीत आहे. खरकटं भांडं दिसलं की तिला चैन पडत नाही, तुमची ताटली रिकामी व्हायच्या आत ओढून नेईल, सांभाळा.

मी साँडी टॉकर. इथल्या चर्चचा घंटावाला आणि कबरी खणणारा. पस्तीस वर्षं झाली. अर्धं गाव मी मातीआड केलंय, आणि उरलेलं अर्धं मला पाहिलं की झपाझप चालायला लागतं.

तुमच्याकडे दक्षिणेला फाटकावरची पाळी असते की नाही, ठाऊक नाही. आमच्याकडे असते. कबरस्तानात जो शेवटी पुरला जातो, त्यानं पुढचा येईपर्यंत फाटकावर उभं राहून पहारा द्यायचा. पुढचा आला की पाळी त्याची. आधीचा सुटला, निजायला मोकळा. पाद्रीसाहेब याला अडाण्यांचा बाजार म्हणतात. पण त्यांच्या आईला पुरलं त्या आठवड्यात त्यांनीच मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "काय रे साँडी, टेकडीपलीकडची ती म्हातारी अजून धरून आहे का?"

म्हणून एकाच दिवशी दोन प्रेतं निघाली की शर्यत लागते. जो मागं पडेल त्याचं माणूस फाटकावर राहणार. या पायी खांदेकऱ्यांची डोकी फुटलेली मी पाहिली आहेत.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात तसंच झालं. गिरणीवाला म्हातारा गेडिस गेला, ऐंशी वर्षांचा, पोटभर जगलेला. आणि त्याच दिवशी मायसी गेली. बेथिया विणकरणीची पोर. आठ वर्षांची. नवरा आधीच गेलेला, घरात एक माग आणि ही एक पोर, एवढाच बेथियाचा संसार.

पोरीची पेटी आधी पोचली. हलकीच होती, दोन म्हातारे विणकर सहज घेऊन आले. वळणावर दिसले तेव्हा गेडिसचं लटांबर अजून पुलावर होतं. पण गेडिसचा थोरला पुढं पळत आला आणि त्यानं माझ्या हातात व्हिस्कीची बाटली ठेवली. गार वारा होता. माणसं खाल्ल्या मिठाला जागतात, मी प्यायल्या घोटाला जागलो. फाटक आडवं लावून विणकरांना म्हणालो, "जरा थांबा रे बाबांनो, पोरीच्या खड्ड्यात पाणी आलंय. उपसून घेतो."

ते थांबले. गरीब माणसं थांबतातच. गेडिस आधी आत गेला, मायसी नंतर.

बायका कबरस्तानात येत नाहीत आमच्याकडे. बेथिया दगडी कुंपणापाशी उभी राहून सगळं बघत होती. संध्याकाळी ती इथं आली, याच दारात उभी राहिली.

"साँडीकाका, खड्ड्यात पाणी होतं?"

"होतं की. गुडघाभर."

तिनं माझ्या पायांकडं पाहिलं. "मग तुमचे बूट कोरडे कसे?"

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "ती अंधाराला भ्यायची हो, काका. परसात जायचं तरी माझा झगा धरायची."

मी तिला सांगितलं, थंडीचे दिवस आहेत, थंडीत म्हातारी माणसं गळतातच. आठ-पंधरा दिवसांत कुणीतरी येईल, पोर सुटेल. मला तसंच वाटत होतं, खोटं नाही सांगत. पण कुणी मरेचना! डिसेंबर गेला, जानेवारी सरला. टेकडीपलीकडची म्हातारी उठून नातीच्या लग्नात नाचली. पाद्रीसाहेबांनी प्रार्थनेत देवाचे आभार मानले की असा निरोगी हिवाळा या गावानं कधी पाहिला नाही. सगळे आमेन म्हणाले. मी मागं घंटेच्या दोरापाशी उभा होतो, मला दिसलं. एकटी बेथिया ओठ मिटून बसली होती.

त्याच सुमाराला तिनं कढण वाटायला सुरुवात केली.

कुणी अंथरुणाला खिळलं की बेथिया हजर. बार्लीचं कढण, त्यात कोबीची पानं, मिळालं तर मटणाचं हाड. लाकडी वाडग्यातून आणायची, फडक्यानं झाकून. वाडगं जुनं होतं, काठाला चीर गेलेली, ती तांब्याच्या तारेनं टाके घालून शिवलेली. कढणाला चव चांगली, फक्त मीठ घालायला ती हटकून विसरायची. गावात चेष्टाच झाली होती, बेथियाकडचं कढण आलं की मीठ शेजारून आणा. सगळे म्हणायचे, बाईचं काळीज केवढं! स्वतःची पोर गेली, तर दुसऱ्यांची माणसं जगवतेय.

माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं असेल. पण जिची पोर फाटकावर उभी, तिला गावातले आजारी बरे व्हायला हवेत कशाला?

मी पाळत ठेवली. एके सकाळी ती ओढ्याकाठी ओणवी होऊन काहीतरी उकरताना दिसली. ती गेल्यावर जाऊन पाहिलं. तिथं एक झाड उगवतं, उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांच्या छत्र्या येतात त्याला. मुळं गाजरासारखी, गोड वासाची. गुरांनी तोंड लावलं तर संध्याकाळपर्यंत आडवी होतात. चार-पाच मुळं गेली होती.

कुणाला सांगू? सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, बेथियाला असं का वाटावं? मग माझे कोरडे बूट निघाले असते. गप्प बसलो. धनगराचा म्हातारा खोकत पडला होता, त्याच्याकडं वाडगं गेलं. मी दोन दिवस फावडं धुऊन वाट पाहिली. म्हातारा तिसऱ्या दिवशी मेंढ्या घेऊन बाहेर पडला.

आणि फेब्रुवारीत ग्रिझेल तापानं पडली.

दुसऱ्याच दुपारी दारावर टकटक झाली. बेथिया. हातात वाडगं, वरून फडकं, फडक्यातून वाफ. "काकूंना पाजा, गरम आहे तोवर."

मी वाडगं घेतलं, आत आलो, आणि मागच्या दारानं सरळ कोंबड्यांपुढं ओतलं. मान वर केली तर बेथिया वळसा घालून मागं आलेली. कोंबड्या मिटक्या मारत होत्या. आम्ही दोघं त्यांच्याकडं बघत उभे राहिलो. काही झालं नाही. एकही कोंबडी पडली नाही.

"बरं केलंत," ती म्हणाली. "त्यांनाही थंडी वाजते."

मग ती बोलायला लागली, अगदी हळू.

"मुळं घरी आहेत, काका. तुम्ही पाहिलंत, मला माहीत आहे. रोज चिरते. रोज पातेल्यात टाकते. पण दुसऱ्याच्या दारापर्यंत न्यायची वेळ आली की हात थरथरतो. ओतून देते सगळं, पुन्हा नवं रांधते. कुणाचं तरी माणूस घ्यायचं म्हणजे... कुणाची तरी आई, कुणाचा तरी बाप... नाही जमत हो. चार महिने झाले, ती उभी आहे तिथं."

मी म्हणालो, "बेथिया, चूक माझी आहे."

"चूक तुमचीच आहे," ती म्हणाली. "पण मरायला तुम्ही तयार नाही."

दुसऱ्या दिवशी तिच्या धुराड्यातून धूर निघाला नाही. मीच गेलो आधी. ती मागापाशी जमिनीवर होती. शेजारी वाडगं, तळाशी पांढऱ्या चकत्या.

आता, स्वतःच्या हातानं गेलेल्याला इथं कुंपणाच्या आत जागा नाही. उत्तरेला भिंतीबाहेर खड्डा, घंटा नाही, प्रार्थना नाही. म्हणजे ती मेली तरी पोरीची पाळी सुटणार नव्हती. तेवढा एक विचार तिनं केला नव्हता, नाहीतर माझ्यावर सोडला होता. मी चकत्या चुलीत घातल्या. तिचं तोंड पुसलं. पाद्रीसाहेबांना सांगितलं, माझ्या बायकोचाच ताप हिला लागला. वाडगं कुणाच्या हाती लागू नये म्हणून पेटीत तिच्या पायांशी कापडाखाली ठेवलं, आणि झाकणाला खिळे मी स्वतः ठोकले. सबंध गावातून हातघंटा वाजवत फिरलो. तिला मायसीच्या शेजारी पुरलं आणि घरी येऊन, खरं सांगतो, रडलो. वाटलं, फिटलं. पोर निजली.

तिसऱ्या सकाळी दव गोठून सगळं पांढरं झालं होतं. मी फाटक उघडायला गेलो. फाटकाच्या आत, अगदी लागून, लहान अनवाणी पावलं होती. एका जागी पाय आपटत उभं राहिल्यासारखी, दाट. आणि फाटकाच्या बाहेर मोठ्या पायांच्या खुणा. बोटं आतल्या बाजूला वळलेली. मधे फक्त फाटकाची फळी.

मी पाद्रीसाहेबांना फसवलं होतं, त्या जागेला नाही.

चरखा थांबला वाटतं? सूत संपलं असेल. असू द्या. भाकरी घ्या आणखी.

तर तेव्हापासून या गावात पुन्हा कुणी मेलेलं नाही. दहा महिने झाले. आणि गेल्या रविवारपासून हे वाडगं यायला लागलं. आजचं चौथं. पहाटे मी ग्रिझेलच्या आधी उठतो, ओढ्यात ओतून येतो, वाडगंही पाण्यात फेकून देतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा उंबऱ्यावर, गरम. काठाला तांब्याच्या तारेचे टाके. मी मोजलेत, सात आहेत. आज पहाटे नव्हतं, म्हणून मी गाफील राहिलो, आणि दुपारी तुम्ही ते हातात घेऊनच आत आलात.

जिवंत होती तेव्हा तिचा हात थरथरायचा. आता थरथरायला काही उरलंय का, मला सांगता यायचं नाही. आत असतो तो पहाऱ्याला बांधलेला असतो. ती बाहेर आहे. तिला कुठंही जाता येतं.

तुम्ही विचाराल, साँडी, तुझ्याच पापाचं आहे ना, मग पी की तूच. मी विचार नाही केला असं वाटतं तुम्हाला? चमचा तोंडापर्यंत नेला होता परवा. पण आत काय आहे हे जाणून प्यालो, तर मीही भिंतीबाहेरच. पोर तिथंच राहील. हे ज्याला ठाऊक नाही, त्यानंच प्यायला हवं, तर पाळी बदलेल. तेही तिला कळलेलं दिसतंय आता.

म्हणून तुम्हाला हे सगळं सांगितलं. न सांगता ते वाडगं तुमच्यापुढं सरकवणं फार सोपं होतं. परका माणूस, भुकेला, गावात कुणी ओळखीचं नाही. मी क्षणभर तो विचारही केला, लपवत नाही. पण एकदा एका पोरीला फाटकाशी थांबवलंय मी. पुन्हा कुणाशी खोटं बोलायचं नाही, असं ठरवलंय. आता तुम्हाला ठाऊक झालं, तुम्ही सुटलात. मीही जरा हलका झालो. वर्षभर हे कुणापाशी बोललो नव्हतो. ग्रिझेलपाशीही नाही. तिच्या कानात ओरडून सांगायचं म्हणजे सगळ्या गावालाच सांगायचं.

चला, उजेड आहे तोवर ओढ्यावर जाऊन येऊ. जरा द्या ते वाडगं इकडं. तुमच्या मागं, खिडकीच्या फळीवर...

नाही? तिथं नाही म्हणजे?

अहो, दिवा वर करा. तिकडं, मोरीपाशी...

ते बघा. धुऊन पालथं घातलंय. प्रत्येक भांडं ती असंच घालते, पाणी निथळायला.

ग्रिझेल! ग्रिझेल, इकडं बघ... वाडग्यात काय होतं? काय केलंस त्याचं?

"ओरडतोस कशाला? पाहुण्याला नको होतं, मग वाया कशाला घालवायचं?" ती हात पुसत म्हणाली. "बाकी कुणी केलं होतं रे? चव अगदी बेथियाच्या हातची. मीठ घालायला विसरली बघ."