चौथी हाक

त्या उन्हाळ्यात दुपारचं ताक वखारीवर पोचवायचं काम माझ्याकडं होतं. चरवीवर ओलं फडकं बांधायचं, डोक्यावर पदर ओढायचा आणि पाय भाजायच्या आत निंबाच्या सावलीखालून पलीकडं गाठायचं. एवढंच. त्यात घाबरण्यासारखं काय आहे? बस अशी जवळ, दिव्यापाशी. सांगते.

निजामाचं राज्य होतं. माझे वडील महांतप्पा, आमचे अप्पा, ईट गावात भुसार मालाचा व्यापार करायचे. मला दोन थोरले भाऊ. मोठा शरणबसप्पा, त्याला मी अण्णा म्हणायची, आणि मधला सोमलिंग, माझा सोमण्णा. दोघंही हैदराबादला विद्यापीठात शिकायला होते. एका ताटात जेवणारे भाऊ. अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणायची, ह्यांना भांडायला शिकवा कुणीतरी.

ते विद्यापीठानं शिकवलं. तिथल्या नाट्यविभागानं नवं नाटक बसवायला घेतलं होतं, एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन भावांचं. थोरला अण्णाला मिळाला, धाकटा सोमण्णाला. नाटकात थोरला भाऊ धाकट्याला गढीच्या तळघरात कोंडतो. धाकटा खालून तीन हाका मारतो. तिसऱ्या हाकेला थोरल्याचं काळीज फुटतं, तो दार उघडतो, आणि पडदा पडतो. गुरुजींनी बजावलं होतं, आवाज खरंच जमिनीखालून आल्यासारखा वाटला पाहिजे. सुट्टीत सराव करून या.

गावाबाहेरची वखार अप्पांनी नुकतीच विकत घेतली होती. तिच्या मधल्या दालनात एक जुनं पेव होतं. जमिनीत खणलेली धान्याची कोठी. तोंड एक माणूस उतरेल एवढं, आत पोट मोठं, आणि तोंडावर दगडी झाकण. अण्णाच्या मनात आलं, याहून चांगलं तळघर कुठं मिळणार?

झाकण काढून त्यांनी पेव बरेच दिवस मोकळं ठेवलं. आत वाईट हवा साठते, माणूस उतरला की गुदमरतो, हे आमच्याकडं पोराटोरांनाही ठाऊक असतं. म्हणून रोज आधी कंदील सोडायचा. तो जळत राहिला की मगच शिडीनं सोमण्णा उतरायचा. मी काठावर बसून वहीतलं वाचायची, कुणी अडखळलं तर पुढचा शब्द सांगायची. बाहेर ऊन रणरणत असायचं. गाव झोपलेलं. आणि त्या तोंडातून गार, आंबूस वास वर येत राहायचा, कुजल्या ज्वारीचा.

पहिले काही दिवस मजेत गेले.

मग एका दुपारी सोमण्णानं खालून तिसरी हाक मारली, "दादा, उघड..." अण्णानं आपलं वाक्य म्हटलं. मी पान उलटलं. आणि खालून परत आलं, हळू, अगदी तळातून.

"दादा... उघड..."

"सोमण्णा, तीनच हाका आहेत," मी वाकून म्हटलं.

तो शिडीवरून वर आला. घामानं निथळत होता, पण हसत होता. "तीनच मारल्या की गं. चौथी तूच मारलीस ना? मला वाटलं, वरून माझी नक्कल करतेस."

अण्णा पेवाच्या तोंडाकडं बघत होता.

त्यानंतर रोज चौथी हाक येऊ लागली. सोमण्णाला ती वरून आल्यासारखी वाटायची, मला खालून. आणि अण्णा... अण्णा तिला उत्तर देऊ लागला. वहीत नसलेलं.

"पाऊस येऊ दे. मंग उघडतो."

अण्णा घरात असं बोलायचा नाही. आवाजही त्याचा नव्हता. घोगरा, तंबाखू खाऊन जड झालेला, म्हाताऱ्या माणसाचा. मी विचारलं तर म्हणायचा, "मी कुठं काय बोललो?"

एकदा तो हे बोलत असताना हरणाबाई दारात उभी होती. ती वखारीवर धान्य पाखडायला यायची. हातातलं सूप तिथंच टाकून ती मागं सरली. मी तिच्यामागं धावले.

"काय झालं, हरणाबाई?"

"ह्यो लिंबाजीचा आवाज हाय, बाई. वखारीच्या जुन्या मालकाचा. मरून लई वर्सं झाली त्याला." ती पदरानं तोंड पुसत होती. "त्याला एक धाकला भाऊ हुता. दुस्काळात घर सोडून गेला म्हनं. जाताना कुनी बघितला न्हाय. तुमी तिकडं फिरकू नगा... न्हाय, तुमच्या भावास्नीच सांगा."

ती परत कामाला आली नाही.

मी रात्रीच्या जेवणाला अप्पांना सांगितलं. ते चिडले. "नाटकाचं खूळ डोक्यात शिरलंय तिघांच्या. परवा पोरं हैदराबादला निघाली की पेव बुजवून टाकतो." अव्वानं विभूती आणून अण्णाच्या कपाळाला लावली. त्यानं मान खाली घातली, आणि माझ्याकडं बघून डोळा मारला. तो माझाच अण्णा होता. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शेवटचा सराव. मी सोमण्णाचा हात धरला. "आज वरूनच म्हण. उतरू नको."

"आज एकदाच, गौरा. उद्यापासून लाकडी रंगमंच, खाली उंदीर." तो हसला. कंदील सोडला, चांगला जळत होता. तो उतरला.

पहिली हाक झाली. दुसरी झाली. तिसऱ्या हाकेच्या आधीच अण्णा उठला. त्यानं शिडी ओढून वर घेतली, भिंतीला लावून ठेवली. मग झाकणाला हात घातला. ते झाकण हलवायला दोन हमाल लागायचे. त्यानं एकट्यानं सरकवलं, ताटावर ताट ठेवावं तसं.

"अण्णा! इथं उघडायचंय!" मी त्याच्या दंडाला लोंबकळले. भर उन्हाळ्यात तो दंड विहिरीच्या पाण्यासारखा गार होता. "नाटकात उघडायचंय, अण्णा! बघ, वहीत बघ!"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. ओळखलं नाही.

"पाऊस येऊ दे," तो म्हणाला.

खालून सोमण्णा ओरडत होता. "अण्णा, उघड! चेष्टा पुरे... अण्णा!" मी दगडाला नखं लावली, पाय रेटले. तो जागचा हलला नाही. मग मी अनवाणीच गावाकडं धावत सुटले. 

अप्पा आणि बलभीम हमाल पहार घेऊन माझ्यामागं धावत आले. वखार गावापासून काही लांब नव्हती. आम्ही आत शिरलो तेव्हा अण्णा झाकणावर मांडी घालून बसला होता, आणि खालून आवाज येत होता. अप्पांनी तो ऐकला. बलभीमनंही ऐकला.

"दादा... उघड..."

"जिवंत हाय, मालक!" बलभीम ओरडला. अप्पांनी अण्णाला बाजूला ढकललं. पहार घातली. दगड हलला, फट पडली, आणि आवाज तुटला. दोर कापावा तसा.

बलभीम कमरेला दोर बांधून खाली उतरला. दोर सैल पडला.

"काय रे?" अप्पांनी विचारलं. "बोल की!"

"मालक..." खालून त्याचा आवाज आला. "पोरगं गार पडलंय. अंग लाकूड झालंय. हे आत्ताचं न्हाय, मालक... हे कालचं वाटतंय."

कंदील सोमण्णाच्या उशाशी जळत होता. ज्योत सरळ होती. वाईट हवेत अशी ज्योत राहत नाही. 

पोलिसांचा अमीन आला, पंचनामा झाला, पेवातल्या हवेनं मृत्यू असं ठरलं. अप्पांनी तेच सांगितलं, बलभीमनं तेच सांगितलं. आमच्या घरात आणखी एक पोरगा गमावायची ताकद उरली नव्हती. पेव दगडमातीनं भरलं. हैदराबादला ते नाटक झालंच नाही.

अण्णा त्या दिवसापासून एकच वाक्य बोलायचा. मी जवळ गेले की माझी मनगटं धरायचा आणि विचारायचा, "गौरा, मी उघडलं ना?"

मी रोज सांगायची, "उघडलंस, अण्णा." तो दोन घटका शांत बसायचा. मग परत विचारायचा. माझं लग्न होऊन मी भूमला आले तेव्हा अव्वा गेली होती, अप्पा अंथरुणाला खिळले होते. मी अण्णाला सोबत घेऊन आले. आमचे हे शाळेत मास्तर. फार भले. त्यांना मी एवढंच सांगितलं होतं की एक भाऊ पेवात गेला आणि दुसऱ्यानं त्याचा धसका घेतला.

निजामाचं राज्य गेलं त्या साली अण्णा गेला. गावात झेंडे लागले होते, लोक साखर वाटत होते. सकाळी तो पाण्याचा पेला हातात घेऊन बसला तसाच राहिला. मला वाटलं, सुटला. खरं सांगते, आम्ही दोघंही सुटलो असं वाटलं.

आमच्यात, लिंगायतांत, माणसाला बसवून माती देतात. मी घरी होते. हे संध्याकाळी परत आले, पाय धुतले आणि चुलीपाशी नुसतेच बसून राहिले. भाकरी वाढली, तिला हात लावला नाही.

"गौरा," ते म्हणाले, "एक विचारू? तुम्ही व्यापारी माणसं धान्य मापताना पहिल्या मापाला काय म्हणता?"

"लाभ म्हणतात," मी म्हटलं. "एक म्हणू नये म्हणून. लाभ, दोन, तीन, असं मोजतात. का हो?"

यांच्या घरात सगळे मास्तर. माप कधी कुणी हातात धरलं नव्हतं. ते चुलीतल्या निखाऱ्याकडं बघत राहिले.

"माती लोटत होतो. सगळे मागं सरले होते, मी एकटाच वाकलो होतो. तर आतून घोगऱ्या, म्हाताऱ्या आवाजात कुणीतरी म्हणालं... लाभ. मग म्हणालं, दोन."

"मग?"

"मग थांबलं," ते म्हणाले. "संपल्यासारखं नाही गं. पुढच्या मापाची वाट बघत हात थांबावा, तसं."