निळी वायर कोणी कापली?

संघपालला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या तोंडात स्क्रू होता. खरंच सांगते! गुडीहत्नूरच्या बसस्टँडसमोर एक अरुंद दुकान होतं, आणि तो मान खाली घालून कुणाचा तरी टीव्ही उघडून बसला होता. आता तिथं ज्यूसचं दुकान झालंय. मी मात्र अजूनही त्या रस्त्यानं गेले की आधी तिकडेच बघते.

खरं तर मला जायचं होतं दुसऱ्याच दुकानात. तिथं कुलूप! एप्रिलचं ऊन डोक्यावर, काखेत बाबांच्या गायन पार्टीचा कीबोर्ड, आणि संध्याकाळी भीमजयंतीचा कार्यक्रम. रडायचीच बाकी होते मी.

"ऐका ना... हा आजच पाहिजे," मी म्हटलं.

त्यानं स्क्रू काढला, वर पाहिलं, आणि गडबडीत तो पुन्हा तोंडातच घातला. मग स्वतःच हसला.

"काय झालं याले?"

"मधलेच सूर मुके झाले. सा वाजते, रे वाजते, ग वाजतच नाही."

त्यानं कीबोर्ड उलटा करून उघडला. आतल्या हिरव्या पाटीवर एक बारीक वायर लोंबत होती.

"हे पाहा. उंदरानं इथली तांब्याची रेघ खाल्ली. कोन्तरी वरून वायर जोडून देली, पन लईच ताणून. वाजवताना पाटी हालते, वायर तुटते. जराशी ढील ठेवा लागते ना, मॅडम."

"मॅडम कशावरून?"

"बोटाले खडू लागला हाय तुमच्या."

अगं बाई! मी पटकन हात ओढणीत लपवला.

त्यानं जुनी वायर काढली, निळ्या वायरीचा तुकडा घेतला, दातांनी तिचं टोक सोललं. सोल्डरचा धूर निघाला, राळेचा गोडसर वास आला. तो वास कुठंही आला की मी अजून थबकते. हसा खुशाल.

"वाजवा आता."

मी वाजवलं. ग आला! स्टँडवरचे दोन-चार जण थांबून ऐकायला लागले.

"अजून एकडाव," तो म्हणाला. "चेक करा लागते."

"वाजला की बरोबर!"

"तरीबी..."

चेकिंग जरा जास्तच लांबलं. खालच्या झाकणाचे स्क्रू बाबांनी कधीच हरवले होते, म्हणून त्यानं ते चिकटपट्टीनं बसवलं. निघताना त्यानं एक कागदाची पुडी माझ्या हातात दिली. आत जुनी तुटकी वायर.

"हिचं मी काय करू?"

"ठेवा, नाही त फेका. जुना माल गिऱ्हाईकाले परत द्याचा, आमच्या उस्तादचा नियम हाय."

घरी येऊन मी आईला झाकण उघडून ती निळी वायर दाखवली. शेजारच्या चंपाबाईलाही दाखवली. केवढी हौस ती!

माझी शाळा हायवेवरच्या एका गावात, मराठी माध्यमाची. रोज सकाळी बस गुडीहत्नूरला थांबायची. मी डाव्या खिडकीशी. तो दुकानात. पहिल्या आठवड्यात नुसती नजर... मग जरा मान हलवणं... मग तो सोल्डरिंगची दांडी वर करून दाखवायचा, जणू सलामी! दोघांत शब्द एक नाही. कधी बस लवकर सुटली तर माझा सगळा दिवस खराब. वर्गातली पोरं उगीच ओरडा खायची, बिचारी.

श्रावण आला. आमच्या बुद्धविहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्यातलं, ग्रंथवाचन सुरू झालं. वाचन झालं की गाणी व्हायची आणि कीबोर्डवर मी असायची. त्याच दिवसांत बाबा घरी आले ते लाडू खाल्ल्यासारखं तोंड करून.

"किनवटचे पाहुणे येऊन राह्यले रविवारी. पोरगा तहसीलात क्लार्क हाय. मले त पसंत हाय बाप्पा!"

बाबांना पसंत म्हणजे ठरल्यातच जमा. आणि मी सांगणार काय? कुणाबद्दल? त्यानं तोंडातून कधी अवाक्षर काढलं नव्हतं. मी तरी कुठं काढलं होतं!

शुक्रवारी विहारात बोट ठेवलं, तर ग पुन्हा मुका.

लोक हळहळले. मला मात्र, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी टाकून सकाळीच कीबोर्ड काखेत मारून मी दुकानात हजर! बारीक भुरभुर चालू होती. त्यानं मला बसायला स्टूल पुसून दिलं, चिकटपट्टी काढली, आत पाहिलं... आणि गालात हसला.

"मॅडम, हे तुटलं नाही. कापलं हाय."

"म्हणजे?"

"टोक पाहा ना, कसं सपाट हाय. यायचंच व्हतं त तशाच आल्या असत्या. वायर काऊन कापली?"

"मी? मी कापीन?" माझे कान तापले. "स्वतःला समजता कोण तुम्ही?"

"तसं नाही, मी त सहज..."

मी ऐकायला थांबलेच नाही. कीबोर्ड तिथंच टाकून तडक बस पकडली. रस्ताभर डोळे पुसत होते. मला तो हवा होता, हे खरं. पण असली युक्ती करून? शी!

घरी आई ओसरीवर सुपारी कातरत बसली होती. तिनं नुसतं वर पाहिलं. "झाली का भेट?"

मी अडकित्त्याकडे पाहिलं. आईकडे पाहिलं.

"आई! तू?"

"मंग काय करू?" आई शांतपणे म्हणाली. "साऱ्या गावाले भाऊ म्हनते तू. बसवाल्याले भाऊ, भाजीवाल्याले भाऊ. त्यालेच एकट्याले काऊन नाही म्हनत? मले काय समजत नाही व्हय? उद्या पाहुणे येऊन राह्यले अन् तुमच्या दोघाईच्या तोंडाले कुलपं!"

आता काय? वायर मी कापली नाही, हे त्याला सांगायचं तर आईचं नाव घ्यावं लागणार. आणि आईनं का कापली, हे सांगितलं की... सगळंच सांगून झालं ना! गप्प बसावं, तर मी खोटारडी ठरणार, आणि उद्या किनवट.

दुपारी मी परत गेले. तो तसाच बसला होता, पुढ्यात उघडा कीबोर्ड. हात लावलेला नव्हता.

"चुकलो मी," तो पटकन म्हणाला. "तुमी नाही कापली."

"नाहीच. आईनं कापली."

"आईनं? काऊन बरं?"

झालं! मी बाहेर पाहिलं. बस गेली, एक ट्रक गेला.

"तिला वाटलं... की मी इथं आले तर... तुम्ही काही बोलाल. उद्या मला पाहायला येऊन राह्यले."

मग त्यानं कीबोर्ड बंद केला.

"हा आज देत नाही."

"का?"

"तुमी जा घरी. दीपमाला... जा."

पहिल्यांदा नावानं हाक मारली होती त्यानं! माझं नाव-गाव त्यानं केव्हाच काढून ठेवलं होतं तर. घरी कशी पोचले, मला आठवत नाही.

दिवेलागणीला दारात मोटारसायकल थांबली. पुढं संघपाल, मागं त्याची आई जयवंताबाई, मांडीवर कीबोर्ड आडवा धरून.

"जय भीम," बाबा म्हणाले. "पेटी द्याची व्हती त द्याची. संगं आईले काऊन आनलं?"

संघपालनं घाम पुसला. "काका, पेटी दुरुस्त झाली. पन मी तेच्यासाठी नाही आलो. मले दीपमालासंगं लगन कराचं हाय. चार महिने झाले, बसच्या खिडकीकडे पाहून राह्यलो. बोलाची हिंमत नाही झाली. आज नाही बोललो त जिंदगीभर पस्तावीन."

बाबांनी आईकडे पाहिलं. आई सुपारी कातरत होती.

"उद्या पाहुणे येऊन राह्यले," बाबा पुटपुटले. "मी शब्द देला हाय... पाहाचा." मग त्यांनी पुन्हा आईकडे पाहिलं. "मले नका इचारू. तिले इचारा."

सगळे माझ्याकडे वळले. संघपाल माझ्याकडे पाहत होता. इतका घाबरलेला माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता, आणि इतका आवडलेलाही नाही.

"हो," मी म्हटलं. हळूच म्हणायचं होतं, पण असलं मोठ्यानं निघालं की पलीकडच्या अंगणातून चंपाबाई ओरडल्या, "काय झालं वं, दीपमाला?"

मी त्यांनाही सांगितलं. तेवढ्याच मोठ्यानं.