दोन आडव्या रेघा

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण हे माझ्या धाकट्या मामांच्या बाबतीत खरंच घडलंय. तो कागद मी स्वतः हातात धरलाय.

रात्र-बित्र काही नव्हती. लख्ख उन्हाचा रविवार, दुपारचे चार.

जागा म्हणजे छापखान्याच्या वरच्या मजल्यावरचा बुद्धिबळ क्लब. स्पर्धेची शेवटून दुसरी फेरी. पहिल्या पटावर पांढरी बाजू धाकट्या मामांची, काळी थोरल्या मामांची.

सख्खे भाऊ. अकरा वर्षं एकमेकांशी अवाक्षर नाही.

कारण ऐकलंत तर हसाल. अकरा वर्षांपूर्वी अंतिम फेरीत थोरल्यांची बाही वजिराला घासली. नुसती बाही! पण धाकटे पडले घड्याळजी, त्यांचं सगळं काट्यावर काटा. भर हॉलमध्ये ओरडले, "हात लागला!" हात लागला की ती सोंगटी हलवावीच लागते. थोरल्यांचा वजीर गेला, डाव गेला, चषक गेला.

तेव्हापासून थोरले भावासमोर बसायचेच नाहीत. चाल करायची, घड्याळ दाबायचं, की बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या. धाकटेही काही कमी नव्हते. आपली चाल झाली की ते आतल्या खोलीत माठापाशी जाऊन उभे.

मामी कितीदा म्हणायची, "एकदा बोला की हो!"

"त्याने आधी बोलावं."

मनातून मात्र मामांना तेवढंच हवं होतं. चषकापेक्षाही जास्त.

त्या दिवशी चार वाजले तरी थोरले आले नाहीत. नेहमी दहा मिनिटं आधी येणारा माणूस. पंच म्हणाले, तासभर वाट बघायची, नाहीतर डाव तुमचा. मामांनी पहिली चाल केली, घड्याळ दाबलं आणि माठापाशी पाणी प्यायला गेले.

परत येऊन बघतात तर...

काळं प्यादं दोन घरं पुढे. मामांचं घड्याळ चालू.

"आला वाटतं," ते पुटपुटले.

व्हरांड्यातून पावलं ऐकू येत होती. थोरल्यांचा उजवा बूट करकरायचा... तीच करकर.

डाव रंगला. मामा उठून जायचे, परत यायचे, तोवर समोरची चाल झालेली. बाकीचे आपापल्या पटात डोकं खुपसून बसलेले. पंच कोपऱ्यात कुणाच्या तरी भांडणात अडकलेले.

दोनच गोष्टी मामांना खटकत होत्या. चाल करण्याआधी थोरले मोठ्याने खाकरायचे. आज एकदाही नाही.

आणि समोरची खुर्ची... ती टेबलाखालून बाहेरच आली नव्हती.

"उभ्याउभ्या खेळतोय? इतका राग?"

तेविसावी चाल. मामांना हल्ला दिसला. हत्ती पुढे गेला की थोरल्यांचा राजा उघडा पडणार. मामांनी हत्ती धरला.

आणि त्यांची नजर पलीकडच्या, चाली लिहायच्या कागदावर गेली...

शेवटच्या चालीपुढे दोन छोट्या आडव्या रेघा.

डाव बरोबरीत सोडवू या, असं सुचवलं की कागदावर ही खूण करायची. समोरच्याने त्यावर 'हो' म्हणायचं. पण सोंगटीला हात लावला, की ते 'नाही' झालं.

थोरल्यांनी लहानपणापासून कधीच कुणाला बरोबरी देऊ केली नव्हती. मामांना एकदम रडूच आलं.

बोटं मात्र हत्तीवर होती.

बाहेरची पावलं थांबली.

कुणी पाहिलं नव्हतं. मामांनी हळूच हात मागे घेतला. काय बिघडणार होतं?

तेवढ्यात, अगदी कानाशी...

"हात लागला."

मामा सांगतात, आवाजात राग नव्हता. थकवा होता.

त्यांनी हत्ती हलवला. घड्याळ दाबलं.

करकर सावकाश जिना उतरून गेली.

मामा धावत बाहेर गेले. व्हरांडा रिकामा. जिना रिकामा.

"अहो, पळताय कुठे?" मागून पंच आले. "तास झाला. तुमचे बंधू आले नाहीत, पूर्ण गुण तुम्हाला."

"आले नाहीत काय म्हणता? तेवीस चाली झाल्या!"

पंचांनी पट पाहिला, कागद पाहिला. "दोन्हीकडून तुम्हीच खेळत बसलात होय?"

तेवढ्यात क्लबचा फोन वाजला. थोरल्यांच्या घरून, मामांच्या वहिनी होत्या.

थोरले पावणेचारला गेले होते. घराच्या दारातच, उजव्या बुटाची नाडी बांधता बांधता. निघताना वहिनींना म्हणाले होते, "आज त्याच्यासमोर बसून खेळणार आहे."

मामा शेवटची फेरी खेळलेच नाहीत. तो कागद वहिनींनी पाहिला आणि तोंडाला पदर लावला. थोरले नकाशे काढायचे, त्यांचं ते ठाशीव अक्षर कुणीही ओळखावं.

आता मामांच्या घरी तोच डाव मांडून ठेवलाय. शेजारी किल्लीचं जुनं घड्याळ, पण त्याला किल्ली मामा देत नाहीत. पटाला ते कुणालाच हात लावू देत नाहीत. "माझी चाल झाली. आता त्याची." मामी रोज समोरची खुर्ची टेबलाखाली सारते आणि डोळे पुसते.

गेल्या रविवारी चारच्या सुमारास मी तिथे होतो. मामी बाहेर गेली होती. मी आतून मामांसाठी पाणी घेऊन आलो, आणि...

खुर्ची बाहेर ओढलेली होती.

घड्याळ टिकटिकत होतं.

मामा आपल्या जागेवर, दोन्ही हात मांड्यांखाली घट्ट दाबून बसले होते. मी पेला टेबलावर ठेवायला वाकलो.

"नको," ते हळूच म्हणाले. "कशालाच हात लावू नकोस. तो बसलाय."